गुरुवारचा बोर्ड

१० जानेवारी १९७९, बुधवार

स्टँडर्ड्स रूम, म्हणजे कंपनीतली मापं तपासायची खोली, दिवसभर वीस अंशांवर. स्लिप गेजचा, म्हणजे मापाच्या पोलादी ठोकळ्यांचा, जुना संच तपासून संपवला. दोन नग झिजलेले, बाद केले. दिवसभरात बोललेली वाक्यं सात-आठ असतील. त्यातली निम्मी "टेबलावर ठेवा, हातात देऊ नका" अशी. हाताच्या उबेनं माप बदलतं.

संध्याकाळी सुमनबाई डबा घेऊन आल्या. एरवी उंबऱ्यात ठेवतात, कडी वाजवतात आणि मी दार उघडेपर्यंत जिना उतरलेल्या असतात. आज उभ्या होत्या. नवऱ्याचं सांगितलं. ज्ञानोबा, भोसरीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगवर. पंधरा दिवसांपूर्वी फाउंड्रीमागच्या नाल्यात तांब्याच्या तारेचं भेंडोळं सापडलं. पोलिसांनी तिथं दिसलेले तिघं उचलले, त्यात हा. तेव्हापासून जेलमध्ये. उद्या कोर्टाची तारीख.

"भिताडाला कागद डकवत्यात म्हनं ताई, त्यात नाव बघायचं असतंय. मला कुठं वाचाया येतंय?"

उद्या गुरुवार. औद्योगिक पट्ट्यात वीज बंद, कंपन्यांना सुट्टी. मला काहीच काम नव्हतं. तरी "येते" म्हणायला जरा वेळ लागला. तो त्यांच्या लक्षात आला.

११ जानेवारी, गुरुवार

चिंचवडहून लोकल, पुढे चालत. कोर्टाच्या व्हरांड्यात बोर्ड, म्हणजे स्टेन्सिलवर काढलेला कागद, कालच्या कागदावरच खळीनं चिकटवलेला. अनुक्रम, केस नंबर, आरोपीचं नाव, कलम. ज्ञानोबा सतरावा.

व्हरांड्यात सगळी आपल्याकडचीच माणसं. पिंपरी, भोसरी, आकुर्डी. सुट्टी असते म्हणून गुरुवार धरून येतात. बायका फडक्यात भाकरी बांधून भिंतीला टेकून बसलेल्या. जेलची गाडी आली की उतरताना माणूस दिसतो, शिपाई बरा असला तर भाकरी देता येते.

गाडी आली नाही.

तीन वाजता काटकर नावाचे कारकून दारात आले. चष्मा कपाळावर, हातात बोर्डाचीच एक प्रत, कानाला शिसपेन्सिल. एकेक नाव पुकारायचं, "आरोपी हजर नाही" म्हणायचं, पेन्सिलनं खूण करायची.

"ज्ञानोबाच्या घरचं कोण? पुढची तारीख चोवीस देऊ का पंचवीस?"

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "पंचवीस. गुरुवार आहे, तुमचा खाडा पडणार नाही." त्या दिवसा खोक्यांच्या कारखान्यात खिळे ठोकतात, सकाळ-संध्याकाळ डबे करतात.

"बाई हुशार आहेत," काटकर म्हणाले. पंचवीस लिहिली.

बाकावरच्या एका वकिलानं न विचारता सांगितलं: किरकोळ गुन्हा आहे. साहेबांसमोर उभा राहिला तर जातमुचलक्यावर सोडतील, जामीनदारही मागणार नाहीत. "पण उभा तर राहायला पाहिजे ना!"

परतताना गाडीत सुमनबाईंनी न दिलेली भाकरी सोडली. अर्धी मला. मी नको म्हणणार होते.

१४ जानेवारी, रविवार

कंपनी चालू. डब्यात तिळाची पोळी. आईचं पत्र: सांगलीचं स्थळ, मुलगा सहकारी बँकेत, "तू नुसता फोटो पाठव." पाठवला नाही. उत्तर उद्या.

२५ जानेवारी, गुरुवार

गाडी आली नाही. ज्ञा. हजर नाही. पुढची ८ फेब्रु.

नुसतं बसवत नाही म्हणून चौकटीची वही नेली होती. बोर्ड उतरवून घेतला. काटकर मागे येऊन उभे.

"परीक्षा आहे का काय?"

"बोर्ड वाचायलाच लावलाय ना?"

"वाचायला. उतरवून घ्यायला नाही."

"फरक काय पडतो?"

त्यांनी चष्मा खाली ओढून खरंच विचार केला. "आजवर कोणी उतरवला नाही, एवढाच. लिहा. पण शाई सांडू नका."

मी आणखी एक विचारलं. मागच्या तारखांना कोण हजर होतं, कोण नव्हतं, हे कुठं बघायला मिळेल? काटकर म्हणाले, ते रोजनाम्यात असतं. रोजनामा नक्कल-शाखेत. नक्कल पक्षकाराला मिळते.

"तुम्ही पक्षकार आहात?"

"नाही."

"मग तुम्ही कोण?"

मी वही पुढे ओढली.

तेव्हा जे स्वतः पाहिलं तेच. बोर्डाच्या चार रकान्यांपुढे पाचवा आखला: ह. / ना., म्हणजे हजर किंवा नाही, आणि कडेला पुढची तारीख. आज सगळे ना.

३० जानेवारी, मंगळवार

व्हरांड्यातल्या दोघीजणी माझी खोली शोधत आल्या. एकीच्या मुलाची तारीख कोणती ते तिला आठवत नव्हतं, चिठ्ठी चुलीत गेली होती. वहीत होती. सांगितली. तिनं वहीला हात लावून नमस्कार केला. मला ते आवडलं नाही, तसं म्हणालेही. तिला वाटलं मी रागावले.

घरमालकीण काकू नंतर जिन्यात: "कोण गं त्या? आपल्याकडे असली ये-जा नको हं. तू एकटी राहतेस."

१ फेब्रुवारी, गुरुवार

सुमनबाईंची तारीख नव्हती. तरी गेले. गुरुवारचं काय करायचं हा प्रश्न चिंचवडला आल्यापासून दोन वर्षं होता, तो सुटला, एवढंच कारण लिहावं.

सगळे ना.

८ फेब्रुवारी, गुरुवार

ज्ञा. ना. पुढची २२.

सुमनबाई रविवारी खाडा करून जेलवर भेटीला गेल्या होत्या, ते आज सांगितलं. जाळीपलीकडून नीट ऐकू येत नाही, सगळे एकदम ओरडत असतात. ज्ञानोबा दोनदा ओरडून म्हणाला ते एवढंच: "मला का बोलवीत न्हाईत? माजं नाव ऱ्हायलंय का बघ."

"मी म्हनलं, नाव हाय. ताईनं वाचलंय."

फाउंड्रीनं सांगितलंय, तीन महिने गैरहजर राहिला की नाव कमी. मार्चअखेर तीन महिने होतात. मग साडेचार वर्षांची नोकरी गेली, परत रोजंदारीवर.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

ना. पुढची ८ मार्च.

माझ्या वहीत आता पाच गुरुवार. शंभराच्या आसपास ओळी. पाचव्या रकान्यात ह. एकच, आणि तो जामिनावर सुटलेला माणूस, स्वतःच्या पायानं आलेला.

आमच्याकडे एखाद्या मशीनचा सगळाच माल असा बाद निघाला तर मशीन थांबवतात आणि कोणाला तरी बोलावतात. इथं कोणाला बोलवायचं?

२६ फेब्रुवारी, सोमवार

दुपारच्या सुट्टीत टाइपिस्टकडून एक पान टाइप करून घेतलं. तिनं वाचलं असणार. मजकूर थोडक्यात: या कोर्टात जेलमधले आरोपी तारखेला आणलेच जात नाहीत. सोबत तक्ता. मागणी: रोज संध्याकाळी बोर्डाशेजारी कोण हजर, कोण गैरहजर आणि पुढची तारीख कोणती, हा कागद लावावा. माणसांना विचारत फिरावं लागू नये.

विशेषणं काढली. आता पान कोरडं आहे, वाचायला बरं.

कोर्टाच्या कार्यालयात अर्ज गुरुवारी घेत नाहीत असं कळलं, त्या दिवशी अधीक्षक नसतात. पुढच्या सोमवारी अर्धी रजा.

५ मार्च, सोमवार

सव्वाअकराला पोचले. व्हरांडा जवळजवळ रिकामा. माझं पान हातात, अधीक्षकांच्या दाराशी उभी. तेवढ्यात आवारात गाडी आली.

निळी, जाळीची. मागचं दार उघडलं आणि माणसं उतरू लागली. दोघादोघांच्या हातात एक बेडी, त्यामुळे उतरताना एकाला दुसऱ्याचा तोल सांभाळावा लागतो. मी मोजलं. बोर्ड पाहिला. परत मोजलं. बोर्डावर जेलमधले जितके होते तितके, एक सोडून. तो दवाखान्यात, असं शिपाई म्हणाला.

काटकरांनी मला पाहिलं. "आज सोमवारी कशा?" मी पान दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं, मग बाकावर बसून परत वाचलं.

"तुम्ही कधी कधी येता?"

"गुरुवारी."

"दर गुरुवारी?"

"दर."

"मग बरोबर आहे तुमचं. आणि साफ चूकही आहे." ते हसले, वाईट हसले नाहीत. "गुरुवारी जेलची पोलीस पार्टी सगळी मोठ्या कोर्टाला जाते. आमच्याकडे माणसं आणायला शिपाईच उरत नाहीत. वर्ष झालं याला. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"म्हणजे आम्हाला. वकिलांतल्या जुन्यांना."

"मग गुरुवारच्या तारखा का देता?"

"अहो, तुमचेच लोक मागतात! सुट्टी असते ना. नाही दिली तर म्हणतात, गरिबाचा खाडा करता." मग माझं पान पुढे करत, "तुम्हीसुद्धा मागितली होतीत."

पान परत घेतलं. अर्ज दिला नाही. दुपारच्या पाळीत कामावर. दोन रीडिंगं परत घेतली.

६ मार्च, मंगळवार

पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट: एका मशीनचे नग मोजून कारखान्याबद्दल बोलायचं नाही. मी पाच आठवडे एकच मशीन मोजत होते आणि कारखान्याबद्दल पान टाइप करून घेतलं.

ही चूक कागदावरची. तिचं काही नाही.

दुसरी: चौदा दिवसांपेक्षा लांबची तारीख जेलमधल्या माणसाला देत नाहीत. म्हणून जवळजवळ नेहमी पुरे चौदा देतात. चौदा म्हणजे दोन आठवडे. एकदा गुरुवार मिळाला की पुढचा गुरुवारच, त्याच्या पुढचाही. मधे कोणी मुद्दाम मोडल्याशिवाय तो माणूस त्या वारातून बाहेरच पडत नाही. ११ जानेवारीला कारकुनांनी दोन वार पुढे ठेवले होते. बुधवार आणि गुरुवार.

८ मार्च, गुरुवार

हे नीट लिहायचं.

सुमनबाई शेजारी बसल्या होत्या. गाडी येणार नाही हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्या फाटकाकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

तीनला पुकारा. ना. काटकर म्हणाले, "बावीस देतो," आणि माझ्याकडे पाहिलं. अगदी थांबून पाहिलं. मी बोलले नाही. बावीस मार्च, गुरुवार.

का बोलले नाही: एकच सोमवार पाहिला आहे. एक नमुना म्हणजे पुरावा नाही. काटकरांचं सांगणं म्हणजे सांगणं. बाकीच्या वारांची आकडेमोड हातात नाही. खात्री नसताना सुमनबाईंचा एक दिवस कामाचा बुडवायला लावणं बरोबर नाही.

वरचं सगळं खरं आहे. कारण ते नाही. बोलले असते तर माझ्या पंचवीसमुळे तो अडकला हेही सांगावं लागलं असतं.

त्याच दिवशी, नंतर

आवाराबाहेर शंकररावांची भज्यांची गाडी. सुमनबाई पुढे गेल्या होत्या. मी कधी नव्हे ते भजी घेतली. कागद उलगडला तर बोर्ड. चिकटवलेला नव्हे, काटकरांच्या हातातली प्रत: मंगळवार, २० फेब्रुवारीची, प्रत्येक नावापुढे पेन्सिलच्या खुणा. "आ. ह." आणि "आ. ह. ना.", म्हणजे आरोपी हजर, आरोपी हजर नाही. पुढे तारीख.

"हा कागद कुठून आणता?"

"शिपाई देतो. रोजनामा लिहून झाला की रद्दीच असती त्यांची. का, तेल लागलं का?"

"अजून आहेत?"

गाडीखालच्या खोक्यात वीतभर जाड थप्पी. वापरलेले वेगळे, ते गाढवाच्या मालकाला चाऱ्याखाली अंथरायला देतो म्हणाला.

"भजी न घेता नुसता कागद दिलेत तर?"

शंकररावांनी झारा खाली ठेवला. "ताई, एवढी वर्षं लोक कागद टाकून भजी खात्यात. तुमीच पहिल्या."

थप्पी आणली. पक्षकार नसलेल्या माणसाला रोजनामा असा मिळतो.

१० मार्च, शनिवार

जानेवारी-फेब्रुवारीचे कागद वारांप्रमाणे लावले. जमिनीवर सहा ढीग. पेन्सिल तेलात जात नाही, शाई पसरते. नशीब की काटकर पेन्सिल वापरतात. तेलानं कागद आरपार होतो, तेव्हा मागून उजेड धरून वाचते. काही नावांवर मिरचीचं बी चिकटलेलं. चिमट्यानं काढलं.

काकू डोकावून गेल्या. "खोलीत कसला वास गं?" भज्यांचा, म्हटलं. "एकटीनं एवढी?"

१३ मार्च, मंगळवार

झालं. सोम, मंगळ, बुध: बहुतेक सगळे ह. शुक्र, शनि: बरेचसे ह. गुरुवार: ना. उभा रकानाच्या रकाना, जामिनावरचा तो एक सोडून, वरून खालपर्यंत ना. माझ्या वहीतले गुरुवार आणि काटकरांच्या पेन्सिलीतले गुरुवार ताडून पाहिले, एकही फरक नाही. इतकं स्वच्छ जुळणारं माप कंपनीत कधी मिळालेलं नाही.

अजून एक. गुरुवारच्या ढिगातली नावं बहुतेक व्हरांड्यात भेटणाऱ्यांच्या घरची, कामगारांची. ज्यांची घरची माणसं सुट्टी सांभाळून आली, तेच अडकून पडले. ज्यांचं कोणीच येत नाही, त्यांना कारकुनानं हवा तो वार दिला. ते उभे राहिले आणि सुटले.

हे सांगायला कोणी नव्हतं. वही मिटली.

१६ मार्च, शुक्रवार

सुमनबाईंना सांगितलं. डब्याच्या वेळी दार आधीच उघडून उभी राहिले, म्हणून त्यांना कडी वाजवता आली नाही.

सगळं क्रमानं सांगितलं. पार्टी, मोठं कोर्ट, चौदा दिवस. पंचवीस तारीख मी सांगितली होती तेही. त्यांनी ऐकून घेतलं. डबा हातातच.

"म्हंजे त्या दिशी चोवीस म्हनलो असतो तर?"

"बहुतेक जानेवारीतच आले असते."

"तुमाला काय ठावं होतं? मलाबी गुरवारच पायजे होता." मग डबा दुसऱ्या हातात घेऊन, "कधी कळलं तुमाला?"

"पाच तारखेला."

बोटांवर मोजलं त्यांनी. "म्हंजे मागल्या गुरवारी आपन तिथं बसलो हुतो, तवा तुमाला म्हाईत हुतं."

"हो."

"बरं."

डबा खाली ठेवला आणि गेल्या. मी खुलाशाची दोन वाक्यं तयार ठेवली होती. ती तशीच आहेत.

१७ मार्च, शनिवार

डबा आला. कडी वाजली नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं तेव्हा कळलं. भात गार झाला होता.

१९ मार्च, सोमवार

कडी नाही. आता साडेसातला दार उघडून बघते.

त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मला त्यांच्या घरी किती माणसं आहेत हेही माहीत नाही, हे लक्षात येतं. दोन वर्षं त्यांच्या हातचं जेवते.

२२ मार्च, गुरुवार

सुमनबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, पण सगळ्यांशी बोलल्या होत्या. व्हरांड्यात गेले तर वीसेक बायका आणि चार-पाच पुरुष वाट बघत. एकजण म्हणाला, "ताई, ती भज्याची वही काढा."

तक्ता जमिनीवर पसरला. वाचता येणारे दोघंच होते, पण वाचावं लागलंच नाही. ह.ला मी निळी पेन्सिल वापरली आहे आणि ना.ला तांबडी. एक म्हातारी बाई तांबड्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो आपला गुरवार व्हय?"

"हो."

"आन हे तुमास्नी कुनी सांगितलं न्हाई?"

"नाही."

"आमालाबी न्हाई," ती म्हणाली. इतक्या दिवसांत मला कोणी त्यांच्यात धरलं ते एवढंच.

मग भांडण. सोमवार मागायचा तर खाडा. "माझा मुकादम एका खाड्यावर काढून टाकतो," एकजण. दुसरा त्याच्यावर खेकसला, "भावा, तुझा भाऊ आत आहे का मुकादम?" निम्म्यांनी वार बदलायचं ठरवलं. निम्मे खाली बघत राहिले. त्यांचंही चूक म्हणवत नाही.

तीनला काटकर आले. सुमनबाई पहिल्यांदाच स्वतः बोलल्या.

"साहेब, गुरवार नको. सोमवार द्या. चौदा दिस नको, कमी द्या."

"पार्टीचं कोणी सांगितलं?"

"तुमच्याच पेन्सलीनं."

काटकरांनी पेन्सिल कानाला लावली. मग माझ्याकडून तक्ता मागून घेतला. चष्मा काढला, घातला. "रोज मीच खुणा करतो," म्हणाले, "पण हे असं एका जागी कधी बघितलं नव्हतं." आत जाऊन साहेबांना विचारून आले. दोन एप्रिल, सोमवार. त्यांच्यामागे अकरा जणांना सोमवार-मंगळवार.

अर्जही दिला, काटकर म्हणाले, मीच पोचवतो. नवीन पान, हातानं लिहिलेलं, खाली अंगठे. मागणी तीच: संध्याकाळी निकालाचा कागद बोर्डाशेजारी. मी सही कुठं करायची ते कळेना. शेवटी अंगठ्यांच्या रांगेतच केली.

२९ मार्च, गुरुवार

अधीक्षकांचं उत्तर तोंडी, काटकरांमार्फत: अर्ज वर पाठवला आहे. आणि आणखी एक. बोर्डाच्या जुन्या प्रती यापुढे रद्दीत द्यायच्या नाहीत, फाडून जाळायच्या. कालपासून सुरू.

"मी सांगितलं नाही," काटकर म्हणाले. "अर्जातच होतं ना, 'सोबतचा तक्ता कार्यालयीन प्रतींवरून'. अधीक्षकसाहेबांनी विचारलं, प्रती कुठून आल्या?"

माझंच वाक्य. उगमाचा उल्लेख केल्याशिवाय तक्ता द्यायचा नाही, ही शिस्त.

शंकरराव वर्तमानपत्रात भजी बांधत होते. "तुमच्यामुळं माझा कागद गेला, ताई. ह्याची शाई लागती भज्याला." भजी मात्र जास्त घातली.

म्हणजे आता त्या दोन महिन्यांची, बाहेर राहिलेली प्रत फक्त माझ्या पेटीत. पुढचं काही मिळणार नाही, गुरुवारी मी बघीन तेवढंच. गुरुवारचं तर ठाऊकच आहे.

१ एप्रिल, रविवार

कंपनीतल्या साहेबांकडे उद्याची रजा मागितली. ग्राहकाची माणसं येणार, गेज दाखवायला मी हवी. नाही मिळाली.

संध्याकाळी कडी वाजली. दार उघडलं, सुमनबाई होत्या.

"उद्या मी येऊ शकत नाही," मी म्हटलं.

"नगाच येऊ. मी जाते की. नाव कुठल्या रांगेत आसतंय ते आता म्हाईत झालंय, पयलं अक्षर वळखते मी त्याचं." ज्ञ हवेत काढून दाखवलं. बरोबर होतं, शेपूट जरा लांब.

फाउंड्रीचं विचारलं. नाव काल कमी केलं. मी विचारलं नसतं तर त्यांनी ते सांगितलंच नसतं.

जिन्यावरून परत वळल्या. "उद्या त्यो आला तर डब्याची वाट बघू नका. पयलं त्याला वाढीन. न्हाई आला तर रोजच्यावानी ठेवून जाईन."

"चालेल."

"उपाशी ऱ्हाल."

"चालेल."

२ एप्रिल, सोमवार

खोली वीस अंशांवर. ग्राहकाकडचे दोघं अकराला आले. एकानं विचारलं, या खोलीत दिवसभर एकट्याच असता का? हो म्हटलं. सव्वाअकराला घड्याळाकडे पाहिलं. गाडी आवारात आली असेल, किंवा नसेल. आलीच तर बोर्डावर जितके असतील तितके, एक-दोन सोडून. माझ्या तक्त्याप्रमाणे सोमवारी असं असतं. तक्ता सगळ्या सोमवारांचा आहे. आजच्या सोमवारबद्दल तो काही सांगत नाही.

संध्याकाळी सरळ घरी. साडेसात. कडी वाजली नाही.

पावणेआठला दार उघडलं. उंबऱ्यात डबा नाही.

तो सुटला असेल. कोर्टाचा हुकूम जेलला पोचून माणूस बाहेर यायला संध्याकाळ होते असं वकील म्हणाले होते, मग घरी येऊन त्या त्याला वाढत असतील. किंवा त्या अजून फाटकाशी बसलेल्या असतील आणि डबे करायला घरी कोणी नाही. उंबरा दोन्हीत सारखाच दिसतो.

सव्वाआठ. परत पाहिलं. नाही.

काकूंनी खालून विचारलं, "आज जेवलीस का गं?" अजून नाही, म्हटलं. "वर आणून देऊ का काही?"

नको म्हटलं. भूक चांगली लागली आहे. पाचव्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही, पण निळी पेन्सिल टोक करून ठेवली आहे.